लकव्याचा पेशंट वेळेत पोचतो तेव्हा डॉक्टरच्या पदरात काय पडतं?

कापूसपट्ट्यातला_डॉक्टर
२९ ऑक्टोबर, रात्री ९:४०

आज जागतिक स्ट्रोक दिन. स्ट्रोक म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडून किंवा फुटून होणारा लकवा. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी चालू आहे, सोयाबीन घरात येऊन पडलंय, ओपीडीत गर्दी नेहमीचीच. आजच्या दिवशी लक्षणांचे तक्ते सगळीकडे फिरतात आणि ते फिरायलाच हवेत. मला मात्र वेगळं लिहायचंय. आम्ही डॉक्टर हे आपसात बोलतो, पण चार लोकांत कधी सांगत नाही.

मी एमडी मेडिसिन. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लहानसं हॉस्पिटल आहे. न्यूरोलॉजिस्ट इथे नाही, ते नागपूरला, फोनवर. गावात सीटी स्कॅनचं मशीन मात्र आहे, आणि तिथला टेक्निशियन मुलगा मशीनच्या वरच्याच खोलीत राहतो. माझी स्ट्रोकची सगळी प्रॅक्टिस या दोन गोष्टींवर चालते.

आमच्या धंद्यात केलेलं काम दिसत नाही. बीपीची गोळी चालू केली आणि दहा वर्षांनी माणसाला लकवा झाला नाही, तर कुणाच्या काय लक्षात येणार? त्यालाही कळत नाही, मलाही नाही. स्ट्रोक वेगळा. पेशंट वेळेत आला, रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध लागू पडलं, तर गेलेला हात परत येताना पलंगाशेजारी उभं राहून बघायला मिळतो. मेडिसिनच्या डॉक्टरला असं दृश्य फार कमी आजारांत दिसतं.

एक पेशंट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

साठीतला शेतकरी. सकाळी ओसरीवर चहा घेत बसलेला. सुनेनं पाहिलं, चहा ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून धोतरावर सांडतोय आणि मामाजींना त्याचा पत्ताच नाही. हाक मारली तर शब्द फुटेना. नातवाची शाळेची एसटी नुकतीच फाट्यावर लागली होती, त्यामुळे वेळ पक्की: पावणेसात. शेजारीण म्हणाली तेल चोळा, कुणी म्हणालं साखरपाणी पाजा. सुनेनं दोन्ही होऊ दिलं नाही. दुधाची जीप निघत होती ती थांबवली, मामाजींना मागे आडवं केलं आणि सव्वाआठला आमच्या दारात हजर.

बोटाला टोचून शुगर पाहिली, कारण शुगर फार उतरली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. ती बरोबर होती. वरचं बीपी २०० च्या पुढे. ते १८५/११० च्या खाली आणल्याशिवाय हे औषध देता येत नाही, म्हणून शिरेतून औषध देऊन उतरवलं. सीटीत रक्तस्राव नव्हता. प्लेटचे फोटो नागपूरला गेले, तिकडून होकार आला. मुलगा पुसदला कामाला, त्याला फोनवर धोका आणि फायदा दोन्ही सांगितले. त्यानं एकच विचारलं, "बायको काय म्हणते?" सून म्हणाली, "द्या." सही तिनंच केली.

सव्वानऊला औषध सुरू. दहावा हिस्सा एकदम, उरलेलं तासाभरात ड्रिपमधून. दर १५ मिनिटांनी हात उचला, पाय उचला, नाव सांगा. पहिल्या दोन वेळा काहीच नाही. ड्रिप संपत आली असताना त्याच्या नाकावर माशी बसली आणि ती हाकलायला हात वर गेला. उजवा हात. सिस्टरनं आधी पाहिलं, तिनं माझी बाही ओढली. थोड्या वेळानं सुनेकडे बघून त्यानं पहिलं वाक्य बोललं, अडखळत, पण पूर्ण: "बैलाले पानी दाखवलं का?"

ती बाई तिथेच खाली बसली आणि रडली. मी सीटीवाल्या मुलाला फोन केला. असा निकाल कुणी त्याला कळवत नाही, तो फक्त चित्र काढून देतो.

पुढच्या आठवड्यात नारळ, शाल, पेढे सगळं माझ्याकडे आलं. मी घेतलं, मनापासून घेतलं. पण हात वाचवण्याचं निम्मं काम माझ्याकडे येण्याआधी झालेलं होतं. पावणेसात ही वेळ मला कुणी सांगितली नसती, तर तेच औषध कपाटात असून मी देऊ शकलो नसतो. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत ते द्यायचं असतं, आणि त्या साडेचार तासांतही जितकं लवकर तितका फायदा जास्त. मोठी रक्तवाहिनी बंद झालेल्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला साधारण १९ लाख मेंदूपेशी मरतात असा हिशोब २००६ साली मांडला गेला. आमच्या भागात खेड्यातून तालुक्याला यायला तास जातो. गुणाकार तुम्हीच करा.

म्हणून हा धागा. शंका विचारा, अनुभव लिहा. जमेल तशी उत्तरं देतो.

---

पुण्यातला_यवतमाळकर
२९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

डॉक्टर, वाचून अंगावर काटा आला. आई-बाबा दोघंच गावी असतात, दारव्हा तालुक्यात. मला नेमकं सांगा, मी इथे पुण्यात आणि तिकडून फोन आला की बाबांचं तोंड वाकडं झालंय, तर मी काय सांगायचं?

---

कापूसपट्ट्यातला_डॉक्टर
२९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

सगळ्यात आधी विचारा, "शेवटचे धडधाकट कधी दिसले?" ती वेळ कागदावर लिहायला सांगा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर झोपायला गेले ती वेळ धरायची, उठल्याची नाही.

मग गाडी. पाणी, चहा, साखर तोंडात काही घालायचं नाही. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. मेडिकलवाल्यानं दिलेली ॲस्पिरिन नको, आधी सीटी. जिभेखाली बीपीची गोळी तर अजिबात नको. बीपी एकदम कोसळलं की मेंदूचा जो भाग अजून तग धरून आहे त्याचंही रक्त तुटतं. उलटी होत असेल तर कुशीवर निजवा. चालू गोळ्यांची पिशवी सोबत द्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आम्हाला ते कळायलाच हवं.

आणि जिथे सीटी आहे तिथेच न्यायचं. जवळचा दवाखाना, तिथून चिठ्ठी, मग पुढचा दवाखाना, या फिरण्यात वेळ संपते. दारव्ह्याहून कुठे जायचं, तिथे रात्री मशीन चालतं का, हे आजच विचारून ठेवा आणि नंबर घराच्या भिंतीवर लावा.

---

वऱ्हाडी_गडी
२९ ऑक्टोबर, रात्री १०:४८

डॉक्टरसाहेब, लय चांगलं लिहिलं. आमच्या इकडं अजूनही 'हवा लागली' म्हणतात. बुढ्याले हवा लागली म्हून मागच्या साली शेजाऱ्याईनं कबूतर शोधत अर्धा दिस घालवला, त्याच्या रक्तानं मालिश कराले. मंग कोनीतरी जडीबुटीवाल्याकडं नेलं. मी लय सांगतलं, दवाखान्यात न्या. ते म्हनत, अमक्याचा हात त्याच दवाईनं बरा झाला, आमी डोयानं पाह्यला. आता डोयानं पाह्यलं म्हटल्यावर काय बोलावं?

---

कापूसपट्ट्यातला_डॉक्टर
२९ ऑक्टोबर, रात्री ११:१०

भाऊ, त्यांनी पाहिलं ते खरंच असणार. लकव्यात पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांत थोडीफार ताकद आपोआप परत येते. त्या काळात जो उपचार चालू असेल, त्याला श्रेय जातं. काहींना तर छोटा झटका येतो, तोंड वाकडं होतं आणि तासाभरात सगळं पहिल्यासारखं. तो पेशंट मालिशीनं बरा झाला असंच गाव म्हणणार. खरं तर ती पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असते, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत धोका सगळ्यात जास्त. बरं वाटलं तरी त्याच दिवशी दाखवायला हवं.

लोकांना वेडं म्हणून काही होत नाही. स्ट्रोक दुखत नाही, हे मुख्य कारण आहे. छातीत कळ आली तर माणूस ओरडतो, घर जागं होतं. हात लुळा पडला तर तो म्हणतो, "अवघडला असेल, जरा पडतो."

---

धानोऱ्याची_वाट
३० ऑक्टोबर, सकाळी ७:१५

गडचिरोलीतून लिहितोय. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं आमच्या जिल्ह्यातल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली होती, २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्ट्रोक निघालं, १४.३ टक्के. म्हणजे सात मृत्यूंमागे एक. त्यातले बहुतेक घरीच गेले. तोवर आम्ही समजायचो, आमच्याकडे मरण म्हणजे मलेरिया, साप आणि बाळंतपण. लकवा हा शहरातल्या खात्यापित्या लोकांचा आजार वाटायचा.

यामागे खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) आणि न तपासलेलं बीपी. पन्नाशीतल्या किती जणांनी दंडाला पट्टा बांधून घेतलाय, गावात विचारून बघा.

आणि डॉक्टर, भामरागड-एटापल्लीकडच्या माणसानं साडेचार तासांत सीटी गाठायचं म्हटलं तर पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर आधी उतरायला हवा. तुमच्या लेखातला आनंद आमच्या वाट्याला कसा यायचा, एवढंच विचारायचंय.

---

कापूसपट्ट्यातला_डॉक्टर
३० ऑक्टोबर, दुपारी २:२०

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. सीटीशिवाय हे औषध देता येत नाही. स्ट्रोकमध्ये शंभरातल्या साधारण ८५ जणांत गुठळी असते, उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि फुटलेल्याला हे औषध दिलं तर तो दगावू शकतो. म्हणजे मशीन माणसाजवळ आणायला हवं.

पण सीटी आहे आणि न्यूरोलॉजिस्ट नाही, अशा ठिकाणी तरी अडायचं कारण नाही. हिमाचल प्रदेशात डोंगराळ भाग, रस्ते तसेच. तिथे २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतले फिजिशियन फोनवर न्यूरोलॉजिस्टशी बोलून, सीटीचे फोटो पाठवून औषध देतात, आणि औषध सरकार देतं. मीही तेच करतो, फक्त माझ्याकडे औषधाचे पैसे पेशंटला द्यावे लागतात. टेनेक्टेप्लेज हे नवं औषध तर एकाच इंजेक्शनात देता येतं, तासभराची ड्रिप नको. इंजेक्शन देऊन ॲम्ब्युलन्समध्ये चढवून मोठ्या हॉस्पिटलला रवाना करता येतं. लांबच्या तालुक्यांसाठी ही मोठी सोय आहे.

मोठी गुठळी असेल तर मांडीच्या धमनीतून तार घालून ती ओढून काढतात. २०१५ साली एकामागून एक पाच अभ्यासांनी त्याचा फायदा सिद्ध केला, आणि निवडक पेशंटमध्ये ते २४ तासांपर्यंत करता येतं हे २०१८ मध्ये ठरलं. त्यासाठी आम्हाला नागपूरच गाठावं लागतं. म्हणून साडेचार तास उलटले असले तरी 'आता काय उपयोग' म्हणून घरी ठेवू नका.

---

प्रश्नकर्ता
३० ऑक्टोबर, सायंकाळी ६:००

थेट विचारतो, राग मानू नका. हे इंजेक्शन महाग आहे, आणि ऐकलंय की त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस दगावतो. घाबरलेल्या नातेवाइकांकडून दहा मिनिटांत सही घ्यायची, हे योग्य आहे का?

---

कापूसपट्ट्यातला_डॉक्टर
३० ऑक्टोबर, रात्री ९:१५

राग कसला, हे प्रत्येकानं विचारायलाच हवं.

१९९५ साली अमेरिकेतल्या ज्या मोठ्या अभ्यासानं हे औषध स्ट्रोकसाठी सिद्ध झालं, त्यात औषध घेतलेल्या शंभरात साधारण सहा जणांना त्रासदायक रक्तस्राव झाला, न घेतलेल्यांत शंभरात एकापेक्षाही कमी जणांना. तरीही तीन महिन्यांनी दोन्ही गटांच्या मृत्यूंत मोठा फरक नव्हता, आणि अपंगत्व नसण्याची किंवा नगण्य असण्याची शक्यता औषध घेतलेल्यांत किमान ३० टक्क्यांनी जास्त होती. तो अभ्यास तीन तासांपर्यंतचा. साडेचार तासांची मर्यादा २००८ च्या युरोपातल्या अभ्यासानंतर आली. मी नातेवाइकांना हेच साध्या शब्दांत सांगतो, सहाचा आकडा लपवत नाही.

माशी हाकलणारा हात मी वर लिहिला, पण प्रत्येक पेशंटचं तसं होत नाही. कुणाचा हात तिसऱ्या दिवशी हलतो, कुणाचा फक्त खांदा सुटतो, कुणाला काहीच फरक पडत नाही. औषधाची किंमत कित्येक हजारांत मोजावी लागते हेही खरं. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी मी तो आकडा उच्चारतो तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसतं. हे औषध तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सहीला दहा मिनिटं खरंच कमी आहेत. पण आमच्याकडे अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: "मोठे जावई येऊ द्या, मग ठरवू." जावई चंद्रपूरहून निघालेले असतात. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे आधीच बोलून ठेवावं, की अशी वेळ आली तर जो हजर असेल त्यानं निर्णय घ्यायचा आणि नंतर त्याला कुणी बोल लावायचा नाही.

---

चाक_आणि_सायरन
३१ ऑक्टोबर, पहाटे ५:३०

मी १०८ ॲम्ब्युलन्सवर पायलट, म्हणजे ड्रायव्हर आहे. ही सेवा राज्यात २०१४ ला सुरू झाली, मी नंतर लागलो. डॉक्टरसाहेबांनी लिहिलं ते खरं, पोचवल्यावर पुढं काय झालं ते आम्हाला कळत नाही. दार उघडलं, स्ट्रेचर उतरलं, पुढचा कॉल.

एक विनंती करतो. फोनवर लोक "चक्कर आली" एवढंच सांगतात. "तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलता येत नाही, इतक्या वाजता झालं" असं सांगा. म्हणजे गाडीतल्या डॉक्टरला पुढं कळवता येतं. आणि रस्त्याची खूण नीट द्या. रपट्यावर पाणी असेल तर पेशंटला आमच्या बाजूला आणता येतं का ते बघा, नाहीतर आम्ही पलीकडं थांबून राहतो आणि वेळ जाते.

---

कापूसपट्ट्यातला_डॉक्टर
३१ ऑक्टोबर, सकाळी ८:००

भाऊ, तुम्ही ज्यांच्याकडे पेशंट उतरवता त्यांना दुसऱ्या दिवशी बिनधास्त फोन करा. मी तरी आवर्जून सांगेन. तुम्ही गाडीतून कळवलंत तर आम्ही पेशंटला वॉर्डात न नेता सरळ सीटीच्या टेबलावर घेतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाचतो.

---

फिजिओ_अमरावतीची
३१ ऑक्टोबर, दुपारी १:४५

मी फिजिओथेरपिस्ट. वेळेत न पोचलेले बहुतेक पेशंट शेवटी आमच्याकडे येतात, म्हणून त्यांच्याबद्दलही कुणीतरी लिहावं. साडेचार तास हुकले म्हणजे सगळं संपलं असं घरचे धरून चालतात आणि माणसाला खाटेवर टाकून देतात. खांदा आखडतो, पाठीला जखमा होतात. डॉक्टर, तुमच्या आनंदात हे पेशंट बसतात का?

---

कापूसपट्ट्यातला_डॉक्टर
३१ ऑक्टोबर, रात्री १०:००

ताई, बसतात. एका बाईंबद्दल लिहितो.

वेचणीला जाणारी बाई, पन्नाशीच्या आतली. सकाळी उठली तेव्हाच उजवा हात लुळा, म्हणजे वेळ रात्रीची धरायची, औषध देता आलं नाही. बीपी कधीच तपासलेलं नव्हतं. आम्ही केलं ते अगदी साधं: गिळता येतं का ते पाहिल्याशिवाय तोंडानं काही दिलं नाही, कूस बदलत राहिलो, बीपी-शुगर सांभाळली, गुठळी पुन्हा होऊ नये म्हणून गोळ्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्यासारख्याच एका मुलीनं हातापायाचा व्यायाम सुरू केला.

खांदा आला, कोपर आलं, बोटं येईनात. रबरी चेंडू दाबायला दिला की ती बाई कंटाळून बाजूला ठेवायची. तेव्हा त्या मुलीनं कापसाची फुटलेली बोंडं आणली, काडीसकट. बाईंच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, वेचा. कापूस वेचताना पाचही बोटांची टोकं पाकळीच्या आत जावी लागतात, सगळं सरकीसह एका ओढीत निघालं पाहिजे, वाळलेला पाचोळा चिकटता कामा नये. पहिल्या दिवशी नुसतेच तंतू तुटले. बाई चिडली. पण चेंडूवर ती कधी चिडली नव्हती. नंतर दुपारभर मांडीवर बोंडं घेऊन बसायला लागली.

पुढच्या हंगामात ती फेरतपासणीला आली तेव्हा बीपीच्या गोळ्या संपायच्या आत आली होती. माझ्या टेबलावर तिनं हात पालथा ठेवला आणि बोटांच्या टोकांवरचे बोंडाच्या काट्यांचे ओरखडे दाखवले. मजुरी किलोवर मिळते. डाव्या हाताइतका वेग अजून नव्हता, पण हजेरी लागत होती. तो दिवस मी माशी हाकलणाऱ्या हाताच्या खालचा मानत नाही.

---

धानोऱ्याची_वाट
१ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

एक राहिलं. आमच्याकडे सिकलसेलच्या (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) लहान मुलांनाही लकवा होतो. त्यांनाही हेच औषध का?

---

कापूसपट्ट्यातला_डॉक्टर
१ नोव्हेंबर, दुपारी ३:००

चांगलं आठवण करून दिलंत. पूर्व विदर्भात हे लक्षात ठेवायलाच हवं. सिकलसेलच्या मुलांत मुख्य उपचार वेगळा, रक्त बदलण्याचा: विळ्याच्या आकाराच्या पेशींचं प्रमाण पटकन खाली आणायचं. घाई तितकीच. मुलाचं सिकलसेल कार्ड सोबत न्या आणि दारातच सांगा.

---

गावची_आशा
१ नोव्हेंबर, रात्री ८:३५

सर, मी आशा वर्कर आहे. सगळा धागा वाचला. मंगळवारी आमची मिटिंग आहे, तिथं मांडते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यायचं ठरवतोय. सरपंच ताई तयार आहेत. चार ओळींत काय लिहू? भिंत छोटी आहे.

---

कापूसपट्ट्यातला_डॉक्टर
१ नोव्हेंबर, रात्री ९:५०

ताई, एवढं पुरे:

तोंड वाकडं, हात लुळा, बोली अडखळली: लकवा समजा.
वेळ लिहा. तोंडात काही देऊ नका.
१०८ ला फोन करा, सीटी असलेल्या दवाखान्यातच जा.

चौथ्या ओळीत तुमच्या गावापासून जवळच्या दोन सीटी सेंटरचे नंबर टाका. रंगवायच्या आधी दोन्ही ठिकाणी रात्री अकरानंतर फोन लावून बघा. जो उचलेल त्याचा नंबर वर लिहा.